एक हजार चाळीस खुर्च्या

पहिल्या वर्षी साठ खुर्च्या टाकल्या होत्या मी.
चाळीस रिकाम्या.
बाकीच्यांवर पोरींचे मामा, मास्तर,
आणि खाली एक कुत्रं, शेवटपर्यंत बसून होतं.
ठोसे तेव्हाही हेच होते.
नाकातून आलं ते रक्तही तांबडंच होतं.

यंदा तासगावात, बेदाणा मार्केटच्या आवारात
एक हजार चाळीस.
तरी भिंतीवर माणसं, टेम्पोच्या टपावर माणसं,
कोल्ड स्टोरेजच्या जिन्यावर
एकाच्या खांद्यावर दुसरा.

मी दस्तगीर मुलाणी, मंडपवाला.
कुस्तीतलं थोडं कळतं मला,
बॉक्सिंगमधलं काही नाही.
पण गर्दी कशानं होते
ते खुर्चीचे पाय किती वाकले त्यावरून सांगतो.

नुसती लढत बघायला कोण येतंय?
आधी गोष्ट यावी लागते.
ती आली फेब्रुवारीत, न्हाव्याच्या दुकानात:
जतची शिवलीला बिराजदार म्हणाली म्हणे,
सावळजच्या पोरी म्हणजे द्राक्षं,
चार दिवस उन्हात ठेवा, आकसतात.
ती असं म्हणाली का?
तिनं तर सावळज बघितलेलंही नाही.
पण वाक्य दूध डेअरीवर पोचलं,
तिथून एस.टी.त बसलं,
वायफळ्याला उतरून चहा प्यायलं,
परत आलं तेव्हा त्याला दोन शिव्या चिकटलेल्या.

मग सोसायटीच्या चेअरमननी चांदीची गदा जाहीर केली.
बॉक्सिंगला गदा? विचारायचं नाही.
त्यांच्या भावकीतल्या विरोधकानं लगेच म्हैस, तीही गाभण.
फ्लेक्सवर साहेब गुडघ्यापर्यंत,
पोरी कोपऱ्यात, आधार कार्डाच्या फोटोएवढ्या.
हलगीवाला तीन हजार म्हणाला होता,
गर्दी बघून चार घेतले.

रिंगण आमच्याच पोरांनी उभं केलं:
द्राक्षबागेचे चार लोखंडी अँगल, त्यांना पोती गुंडाळलेली,
खाली फळ्या, फळ्यांवर गाद्या,
वर ताडपत्री, ढोलाच्या पानासारखी ताणलेली.
सांगलीचे पंच आले, दोर हलवून बघितले,
काही बोलले नाहीत.
मटण चांगलं झालं होतं.

प्रणोती एडकेच्या आईला पहिल्या रांगेत बसवली.
तिनं खुर्ची उचलली, वळवली,
आणि रिंगणाला पाठ करून बसली.
म्हटलं, अक्का, कुस्ती तिकडं हाय.
म्हणाली, असू दे. मला हितनं समदं दिसतंय.

आणि दिसत होतं.
हजार तोंडं एकदम आत ओढली गेली
की तिची बोटं पदर पिळत.
हजार हात वर गेले
की ती श्वास सोडी.
तीन मिनिटं मीही तसाच उभा राहिलो, तिच्याशेजारी,
आणि पहिल्यांदा वाटलं
लढत बघितली.

दुसऱ्या फेरीत लाइट गेली.
एवढी माणसं, आणि कुणाला खोकला आला नाही.
जनरेटर माझा, तेव्हा पळालो मीच,
रिंगणाच्या कडेनं, दोराला हात लावत.
अंधारात दोघींचे श्वास,
एका तालावर नाही, मागेपुढे.
आणि कानडी वळणाचा आवाज, अगदी हळू:
डोळ्याला लागलं काय गं?
दुसरी म्हणाली, न्हाई. तुझा ओठ?

लाइट आली. दोघींनी हात वर केले.
लोक ओरडले, ठेच तिला, ठेच!

हे मी कुणाला सांगितलं नाही.
न्हाव्यालाही नाही.
गोष्ट मोडली असती,
आणि माझं खुर्चीमागं आठ रुपये भाडं आहे.

निकाल तीन-दोन, शिवलीलाच्या बाजूनं.
रात्री खुर्च्या मोजल्या: सात मोडल्या,
दोन गायब, एक उलटी तोंड करून होती,
ती पोरांनी सरळ करून चळतीत घातली.

निकाल अजून कुणाला पटलेला नाही.
दोन पंचांचे पाहुणे जतमध्ये निघालेत, म्हणे.
डेअरीवर परवाच ऐकलं.
पुढच्या वर्षाला दोन हजार लागतील,
इस्लामपुरातून मागवाव्या लागणार.